ब्राह्मी घ्यावी की शंखपुष्पी?

दहावीतल्या लेकाची स्मरणशक्ती वाढावी म्हणून या दोन वनस्पतींपैकी काय आणू, असं शेजारच्या वहिनी विचारत होत्या. बाटलीवरचे दावे बाजूला ठेवू.

पुराव्यात ब्राह्मी बरीच पुढे. साधारण 300 मिलिग्रॅम अर्क रोज, 12 आठवडे घेतल्यावर काही चाचण्यांत शिकलेलं नंतर आठवण्यात फरक दिसला. थोडाच, आणि तोही बहुतेक प्रौढांत. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर विसरा! शंखपुष्पीचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर.

भेसळीचा घोळ दोन्हीकडे. ब्राह्मीचं पान नखाएवढं, जाडसर, रसाळ. गोलसर, कातरलेल्या कडांचं पान दिसलं तर ती मंडूकपर्णी. शंखपुष्पी म्हणून विष्णुक्रांता, गोकर्णही खपतात. ब्राह्मी ओल्या कुंडीत फुकट वाढते, पण चव कडू, शिवाय मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात. शंखपुष्पीचं सिरप मुलं आवडीनं पितात, ते साखरेमुळे.

फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर मात्र शंखपुष्पी नकोच, औषधाची रक्तातली पातळी घटू शकते.

तीन महिने नेटानं घेणार असाल, पोट धड असेल, तर ब्राह्मी. इतर गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना विचारून. आजीच्या काळापासूनची सवय आणि मनाचं समाधान एवढंच हवं असेल तर शंखपुष्पी. वहिनींच्या लेकाला सध्या दोन्ही नकोत, रात्री मोबाइल काढून घ्या आणि झोपू द्या.