बीटलसाठी डेलको: ००९ घ्यावा की व्हॅक्यूमवाला ०३४?

फोक्सवॅगन बीटलचा मूळ डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, म्हातारा झाला, बुश झिजले, शाफ्ट खेळायला लागला, की बदली शोधायची वेळ येते. गॅरेजात त्याला अजूनही डेलकोच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. चार जणांना विचारलं की दोनच आकडे कानावर येतात, ००९ आणि ०३४. पार्ट नंबरचे हे शेवटचे तीन अंक. मी दोन्ही वापरले आहेत, तेही एकाच इंजिनावर. गाडी १९६८ ची, इंजिन नंतर कधीतरी बसवलेलं १६०० सीसीचं, त्यावर एकच ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटर. ००९ साडेतीन वर्षं चालवला, ०३४ ला आता पाचवं वर्ष आहे.

००९ मध्ये ठिणगी किती आधी पडायची ते फक्त इंजिनाच्या वेगावर ठरतं. वेग वाढला की आतली वजनं बाहेर फाकतात आणि अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी पडण्याचं प्रमाण, वाढतो, बस. ०३४ मध्ये ती वजनं आहेतच, शिवाय बाजूला डबी आहे. कार्ब्युरेटरमधून आलेली बारीक नळी तिथल्या व्हॅक्यूमने त्या डबीतला पडदा ओढते आणि पॉइंटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, प्लेट थोडी फिरते. म्हणजे इंजिनाचा वेग तर कळतोच, पण तुमचा पाय किती हलका किंवा जड आहे हेही त्याला कळतं.

००९ बद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. हा अतिशय साधा भाग आहे. डबी नाही, नळी नाही, त्यामुळे फाटण्यासारखं काही नाही. पॉइंटचं अंतर ०.४ मिलिमीटर ठेवा, कॅमवर ग्रीसचं बोट फिरवा, बिघडत नाही. साडेतीन वर्षांत त्याने मला एकदाही रस्त्यावर उभं केलं नाही. किमतीला हलका, जुन्या बीटलवाल्यांकडे एखादा पडलेला सापडतोच. मोकळ्या हायवेवर, पाय स्थिर ठेवून सातारा रोडने जाताना दोघांत फरक शोधायला बसावं लागेल, इतका तो नीट चालतो.

मला छळलं ते एकाच गोष्टीने. गाडी घुटमळायची. सिग्नल सुटला, पहिला गिअर, क्लच सोडत पाय हळूच दाबला की अर्धा क्षण काहीच नाही. इंजिन श्वास रोखल्यासारखं गप्प, मग एकदम झटका आणि गाडी पुढे. जोरात दाबलं तर एवढं जाणवायचं नाही, पण शहरात आपण दर वेळी जोरात दाबत नाही. जुन्या कात्रज घाटात चढावर ट्रॅफिक अडला होता, मागे एसटी अगदी बंपरला चिकटलेली. हँडब्रेक सोडला, पाय दिला आणि नेमकी तिथेच गाडी घुटमळली. दोन फूट मागे सरकली. एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, काही लागलं नाही, पण शेजारी बायको बसली होती आणि तिने दाराची कडी घट्ट धरली. त्या दिवसापासून ती घुटमळ मला सहन होईना.

उपाय सगळे केले. पाय दाबला की जादा पेट्रोल मारणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा मार वाढवला. आयडल जेट, म्हणजे मंद वेगाला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा टाकला. टायमिंग, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते, साडेसात अंशांवरून दहावर नेलं. घुटमळ कमी झाली, गेली नाही. वर प्लग काळे पडायला लागले आणि गाडी गॅरेजमध्ये लावली की घरात पेट्रोलचा वास. आमच्या मेकॅनिक काकांनी एका सकाळी जेटचा डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले, “कार्ब्युरेटरला किती दिवस मारणार? त्याचं बरोबर आहे. ठिणगी उशिरा पडतेय.”

कारण तसं सरळ आहे. पाय हलका असताना थ्रॉटल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवेची झडप, जरासाच उघडा असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं आणि विरळ मिश्रण हळू जळतं. त्याला ठिणगी लवकर हवी. पण त्या वेळी इंजिन अजून मंद फिरत असतं, ००९ ची वजनं फाकलेली नसतात. ३४ पिक्ट-३ मुळातच व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स धरून बांधलेला, काटकसरी कार्ब्युरेटर. जोडी जमत नाही ती इथे. यात ००९ चा दोष आहे असं मी म्हणणार नाही. एकाच वेगाने तासन्‌तास चालणाऱ्या इंजिनाला तो शोभतो.

०३४ बसवायला अर्धा तास लागला. क्रँककेसवरचा तेरा नंबरचा नट काढा, जुना वर ओढा, नवा खाली सोडा. तळाची खाच एका बाजूला सरकवलेली असते, त्यामुळे उलटा बसूच शकत नाही. ठिणगीची वीज बनवणाऱ्या कॉइलच्या एक नंबर टर्मिनलला बल्ब लावून टायमिंग धरलं, जेट आणि पंप पूर्वीच्या जागी आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडतानाच कळलं. पाय हलवला आणि गाडी निघाली. इतकंच, पण साडेतीन वर्षांनी ते मिळालं होतं. पेट्रोलचं म्हणाल तर वहीत लिटरमागे दीडेक किलोमीटर जास्त दिसतंय. अर्थात रस्ते आणि मोसम बदलतात, तेव्हा त्यावर फार जोर देत नाही.

०३४ चे त्रासही आहेत. महाग पडतो, बहुतेकदा बाहेरून मागवावा लागतो, वर कस्टम ड्युटी. जुना घेत असाल तर डबीतला पडदा फाटलेला निघू शकतो. घेण्याआधी नळी तोंडात धरून ओढा आणि टोकाला जीभ लावा. प्लेट फिरून तिथेच थांबली तर पडदा शाबूत, हळूहळू परत आली तर विक्रेत्याला नमस्कार करा. झाकणाखालचा फिरणारा रोटर धरून शाफ्ट आडवा हलवून बघा, हे दोन्ही डेलकोंना लागू. शाफ्ट खेळत असेल तर पॉइंटचं अंतर दर फेरीला बदलतं, मग कितीही टायमिंग धरा. आणि मागवण्याआधी आपल्या कार्ब्युरेटरला ती नळी लावायचं तोंड आहे का ते पाहा.

बरेच जण म्हणतात, ००९ मध्येच पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाक, घुटमळ जाईल. माझी नाही गेली. पॉइंट घासणं वाचतं, ठिणगी नेमकी पडते, पण ती कधी पडायची ते वजनंच ठरवतात. मॉड्यूल हवं तर ०३४ मध्ये टाका.

दोन कार्ब्युरेटरचा सेट असेल आणि त्यांना व्हॅक्यूमचं तोंडच नसेल, किंवा गाडी बहुतेक मोकळ्या रस्त्यावरच पळत असेल, तर ००९ खुशाल घ्या. ज्यांच्या गाडीला एकच कार्ब्युरेटर आहे आणि रोज सिग्नल, चढ, रांगा आहेत, त्यांनी माझ्या मते थोडं थांबून, पैसे साठवून ०३४ च घ्यावा. कुणाला ही घुटमळ जाणवतही नसेल, तर त्यांनी माझं ऐकून खर्च करू नये.

माझा ००९ मी विकला नाही. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पुढच्या डिकीत स्टेपनीच्या मागे ठेवलाय, सोबत तेरा नंबरचा पाना. वाईला जाताना कधी पडदा फाटलाच तर घरी परत आणायला तो पुरेसा आहे.