पिको मशीन विकायला काढलं आणि 31,000 रुपये गेले

हे लिहायला मला सात आठवडे लागले. घरातल्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. पण गेल्या रविवारी ओळखीतल्या एका ताईंकडून कळलं की सैनिक म्हणून बोलणाऱ्या ज्या गिऱ्हाइकाने मला फसवलं, तसाच फोन त्यांनाही आला. तेच ओळखपत्र, तोच गणवेश, फक्त मशीनऐवजी कपाट. त्यांचे 9,000 गेले. मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर ते वाचले असते, हे मला सहन होत नाही. म्हणून सगळं लिहिते, आकड्यांसकट.

मी चौदा वर्षं घरी फॉल-पिको करते. आमच्या बचत गटाची खजिनदार आहे. हप्ते, व्याज, बँकेचा भरणा सगळं माझ्याकडे असतं. ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे गटाच्या बैठकीत मीच सांगते. आणि आधीच स्पष्ट करते, कारण ज्याला सांगावं तो पहिलं हेच विचारतो: मी ओटीपी दिला नाही. पिन कुणाला सांगितला नाही. लिंक उघडली नाही. कुणाच्या सांगण्यावरून कुठलं ॲप घेतलं नाही. तरी पैसे गेले.

खांदा दुखतो म्हणून दोन मशीनपैकी पिकोचं विकायचं ठरवलं. मोटर, टेबल, पायडल सगळं चालू. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर चार फोटो टाकले आणि किंमत लिहिली 8,500. मनातून 7,500 पर्यंत उतरायची तयारी होती. वीस मिनिटांत फोन आला.

माणूस हिंदीत बोलत होता, अगदी अदबीने. सैन्यात आहे, नुकती बदली झालीय, जवानांच्या बायकांसाठी शिवणवर्ग सुरू करतोय, मशीन न्यायला संध्याकाळी गाडी पाठवतो. मी काही विचारायच्या आत ओळखपत्राचा फोटो आला, मग कॅन्टीन कार्डाचा, मग गणवेशातला. माझे धाकटे दीर सतरा वर्षं सैन्यात होते. त्या गणवेशाबद्दल आमच्या घरात काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. त्याने नेमकी तीच जागा धरली. भाऊजींना नंतर फोटो दाखवले तर ते म्हणाले, "वहिनी, नोकरीवरचा माणूस आपलं कार्ड असं अनोळख्याला पाठवेल का? मला एक फोन करायचात." तो एक फोन मी केला नाही.

पण कार्डापेक्षाही मोठी गोष्ट समोर होती, आणि ती माझ्या धंद्यातली होती. त्याने मशीनबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. साधं आहे की पिकोचं, मोटर बसवलेली आहे का, किती वर्षं वापरलंय, टाका सुटतो का, बॉबिन केस जुनी आहे का, काहीच नाही. भावही केला नाही. "8,500 ठीक आहे मॅडम," एवढंच. जुनं मशीन घ्यायला आलेली बाई पाच मिनिटं तर सुईच बघत बसते. ज्याला वर्ग चालवायचाय त्याने टाका बघितल्याशिवाय, घासाघीस केल्याशिवाय पैसे कसे द्यायला निघावं? पुढे पंधरा दिवसांनी हेच मशीन जिने नेलं, तिने पिशवीतून स्वतःचा कापडाचा तुकडा काढला, दोन वेळा पिको मारून बघितला, मोटरच्या आवाजावरून मला उलटसुलट विचारलं आणि अर्धा तास घासाघीस करून 7,800 रोख मोजले. तिच्याकडे बघताना मला त्या दिवसाचं सगळं पुन्हा दिसलं. ज्याला वस्तू हवी असते त्याला वस्तूबद्दल शंका असतात. त्याला एकही शंका नव्हती आणि मला वाटलं, किती सरळ माणूस आहे.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी क्रमाने सांगते. पैसे युनिटच्या खात्यातून येणार, तिथली पद्धत वेगळी, म्हणून आधी खातं तपासायला 1 रुपया पाठवा म्हणाला. मी पाठवला. लगेच 2 रुपये परत आले. इथे माझा विश्वास बसला. खरं तर 2 रुपये आले तेव्हा मी पिन टाकलाच नव्हता, ते आपोआप आले होते. पैसे यायला पिन लागत नाही याचा पुरावा त्यानेच माझ्या हातात दिला होता आणि तो मला वाचता आला नाही.

मग त्याने 4,250 चा क्यूआर कोड पाठवला, निम्मी रक्कम म्हणून. फोनमधल्या फोटोंतून तो कोड घेतला तर ॲपने नाकारला. ही दुसरी जागा, जिथे मी थांबायला हवं होतं. तो म्हणाला, घरात दुसरा फोन आहे का, त्यावर पाठवतो, तिथे उघडा आणि तुमच्या फोनने स्कॅन करा. मी ह्यांच्या जुन्या फोनचा नंबर दिला. हे सगळं होत असताना माझ्या फोनवर त्याचा कॉल स्पीकरवर चालूच होता. "मॅडम, फोन मत काटिए, सर्वर पे लाइन खुली है." पिन टाकायच्या पानावर रक्कम दिसत होती, पैसे ज्याला जाणार त्याचं नाव दिसत होतं, आणि ते नाव त्याने सांगितलेलं नव्हतंच. मी विचारलं. "अकाउंटंटचं आहे," म्हणाला. मी पिन टाकला.

12 वाजून 40 मिनिटांनी 4,250 गेले.

लोक विचारतात, पहिल्यांदा पैसे कापले गेल्यावर तरी थांबायचं ना. त्यांना मी एवढंच सांगते की त्या क्षणी मी मशीन विकत नव्हते, माझे 4,250 सोडवत होते. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा बोलत होता. साहेब मला निलंबित करतील, चुकून उलटी एंट्री पडली, आता तुमचे 4,250 आणि मशीनचे 8,500 मिळून 12,750 चा कोड पाठवतो, एकदम जमा होतील. बेरीज बरोबर होती. हिशेब ठेवणाऱ्या बाईला बेरीज बरोबर असली की धीर येतो. स्कॅन, पिन, 12,750 गेले. तिसऱ्या वेळी 25,500 चा कोड आला, तो शिल्लक नाही म्हणून पडला. तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, खात्यात किती आहेत? आणि मी माझ्या तोंडाने सांगितलं: 14,463. पुढचा कोड 14,000 चा होता. 1 वाजून 5 मिनिटांनी तेही गेले. खात्यात 463 उरले. तो म्हणाला, दहा मिनिटांत सगळे परत येतील, फोन बंद करू नका. मी दोन वाजेपर्यंत फोन हातात धरून बसले.

पैसे मिळवायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. कधीच नाही. हे मला माहीत होतं, गटात सांगितलंही होतं. कानात कुणी सलग बोलत असताना ते आठवलं नाही. म्हणून पैशाचं काम करताना समोरचा फोनवर असेल तर कॉल कापा, पाणी प्या, मग बघा. खरं गिऱ्हाईक पाच मिनिटांत पळून जात नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागायची विनंती पाठवणं बंद झालंय, म्हणून काही जण निर्धास्त झालेत. कोड स्कॅन करून आपण स्वतः पाठवलेले पैसे त्याने थांबत नाहीत.

दोन वाजता मुलगा कॉलेजातून आला आणि माझा चेहरा बघून त्याने फोन घेतला. 2 वाजून 10 मिनिटांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लावला. शेवटचे पैसे जाऊन एक तास पाच मिनिटं झाली होती. तिथे बँकेचं नाव, प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारतात. मुलगा एकेक व्यवहार उघडून क्रमांक शोधत होता, त्यातही वेळ गेला. तुम्ही आत्ता, कुणी फसवलेलं नसताना, आपल्या ॲपमध्ये तो क्रमांक कुठे दिसतो ते बघून ठेवा. हे पैसे तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरतात; जिथे सापडतील तिथेच अडवता येतात.

तिथून मी बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो म्हटल्यावर त्याच्या दृष्टीने विषय संपला. मी गुन्हा कबूल करायला आले होते का? रिझर्व्ह बँकेचं 2017 सालचं परिपत्रक मुलाने फोनवर काढून दाखवलं. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे मी किती वाजता कळवलं याची नोंद मिळणं हा माझा हक्क. पण अर्जावर शिक्का द्यायला तो तयार नव्हता. "मेल करा." व्यवस्थापक बैठकीत. मी तिथल्या खुर्चीवर पावणेपाचपर्यंत बसले, तेव्हा शिक्का मिळाला. वेळ मात्र लिहिली नाही, फक्त तारीख.

पोलीस ठाण्यात पाच चकरा झाल्या. पहिल्या दिवशी: हे सायबरचं आहे, सायबरला जा. सायबरला: रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातच द्या. पुन्हा ठाण्यात: माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यालाच करता येतो, साहेब बंदोबस्ताला गेलेत. हे खरं आहे, कायद्यात तसंच आहे. पण मग साहेब परत आल्यावर बोलवा की! चौथ्या वेळी एका हवालदाराने सांगितलं, "ताई, एवढ्याशा पैशासाठी कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढता?" 31,000 म्हणजे माझे किती साड्यांचे फॉल, किती रात्री, हे त्याला कसं कळणार. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असं कलम 173 मध्ये लिहिलंय. मुलाने ते पान छापून दिलं होतं. हवालदाराने ते न वाचता परत केलं. रात्री घरी येऊन मी पैशासाठी रडले नाही, त्या कागदासाठी रडले.

त्या खरेदी-विक्रीच्या ॲपने तर कमालच केली. मी त्या माणसाची तक्रार नोंदवली, त्यांनी त्याचं खातं काढून टाकलं, आणि त्यासोबत आमचा सगळा संवादही दिसेनासा झाला. आधी फोटो काढून ठेवा, मग तक्रार करा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. व्हॉट्सॲपवरचे कार्डांचे फोटो आणि कोड मी पुसले नव्हते, म्हणून निदान तेवढं हातात आहे. चिडून ब्लॉक करू नका, पुसू तर मुळीच नका.

अजून एक. बँकेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नका, तिथे हेच लोक आपले नंबर पेरून ठेवतात. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तोच लावा. महिन्याभराने मला एक फोन आला, तुमचे पैसे सुटलेत, फाइलचे 999 भरा. माझी रक्कम आणि तारीख त्याला तोंडपाठ होती. ती त्याच्याकडे कुठून गेली याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आणि ज्यांना वाटतं की हे फक्त विकणाऱ्यांचं आहे, त्यांच्यासाठी: माझ्या भाच्याने गाडी घ्यायला 2,000 टोकन पाठवलं, कारण "दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे". गाडी नव्हतीच. वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि विकत असाल तर पैसे आल्याचा मेसेज किंवा स्क्रीनशॉट बघून वस्तू उचलू देऊ नका. आपल्या खात्यातली शिल्लक उघडून बघा. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून बघायचं टाळू नका. मी तेच टाळलं होतं.

पाचव्या चकरेत अर्ज घेतला गेला. माझ्या 14,000 पैकी 6,200 पुढच्या एका खात्यात अडवलेत, असं आता कळलंय. ते परत मिळायला ठाण्याचा अहवाल लागतो, असं सांगितलं गेलं. तो अहवाल अजून गेलेला नाही. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. सोबत भाऊजी येणार आहेत, आणि ज्यांचे 9,000 गेले त्या ताईही. त्यांचा वेगळा अर्ज आम्ही काल रात्री बसून लिहिला, त्या माणसाने पाठवलेले तिन्ही फोटो जोडून. या वेळी पोचेवर तारखेसोबत वेळही लिहून घेतल्याशिवाय आम्ही तिथून उठणार नाही.