सात महिने कॅफिन घेऊन सायकलिंग : माझी मात्रा माझ्या सोबत्याच्या मात्रेहून वेगळी का ठरली

गेले सात महिने लांब पल्ल्याच्या सरावाच्या दिवशी मी 100 मिलिग्रॅमच्या कॅफिनच्या गोळ्या घेत आलो आहे आणि दर वेळची मात्रा, घेतल्याची वेळ, पॉवर मीटरवरचे (पेडल मारण्याची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) वॅट व त्या रात्रीची झोप वहीत नोंदवत आलो आहे. खेळाडूंना सहसा वजनाच्या किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम, तेही साधारण तासभर आधी, अशी मात्रा सुचवली जाते. माझे वजन 68 किलो असल्याने मी दोन गोळ्यांपासून सुरुवात केली.

फायदा खरा आहे, पण तो वेग एकदम वाढण्याचा नव्हे. मेंदूत थकव्याची जाणीव पोहोचवणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा कॅफिन अडवते, त्यामुळे तिसऱ्या तासातला चढ तेवढाच असूनही कमी जड वाटतो आणि वॅट टिकून राहतात. तिसऱ्या महिन्यात मी चार गोळ्या घेऊन पाहिल्या, तेव्हा मात्र हात थरथरले, पोट बिघडले, वॅट तसूभरही वाढले नाहीत आणि रात्री दोनपर्यंत डोळा लागला नाही. माझा सोबती किलोमागे तेवढीच मात्रा घेऊन उत्तम सायकल चालवतो आणि नऊ वाजता गाढ झोपतो.

हा फरक मनाच्या निर्धाराचा नाही. कॅफिनचे विघटन मुख्यतः यकृतातील सीवायपी1ए2 या विकराकडून (एन्झाइमकडून) होते आणि त्याचा वेग माणसागणिक बदलतो. रक्तातील कॅफिन निम्मे व्हायला कोणाला दोन तास लागतात, तर कोणाला नऊ. गर्भनिरोधक गोळ्यांनी हा काळ लांबतो. 101 पुरुष खेळाडूंवरच्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 10 किलोमीटर सायकलिंगमध्ये जलद विघटन करणाऱ्या जनुकप्रकाराच्या खेळाडूंची वेळ सुधारली, तर मंद विघटन करणाऱ्यांची किलोमागे 4 मिलिग्रॅमच्या मात्रेने बिघडली. सर्वच अभ्यासांत असे आढळलेले नाही, म्हणून केवळ जनुकचाचणीच्या आधारे मात्रा ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपेक्षेचा परिणामही तपासायला हवा होता. म्हणून सहाव्या महिन्यात सोबत्याने मला न सांगता कधी कॅफिनची, कधी तशीच दिसणारी साधी गोळी दिली. आठपैकी दोनदा साधी गोळी घेऊनही मला तरतरी जाणवली. मात्र शेवटच्या तासातले वॅट कॅफिनच्या दिवशीच टिकले होते.

आता मी एकच गोळी, सकाळच्या फेरीत निम्मे अंतर कापल्यावर घेतो. दुपारनंतरच्या सरावाला अजिबात घेत नाही. नवी मात्रा शर्यतीच्या दिवशी प्रथमच आजमावू नका, आणि हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.