रॉबिन्सन आर-22 : इंजिनाची ताकद गेल्यावर वैमानिकाच्या हाती काय उरते?

हेलिकॉप्टर शिकणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांची सुरुवात रॉबिन्सन आर-22 वर होते, त्यामुळे या दोन आसनी यंत्राची परीक्षा मी एकाच कसोटीवर घेतो : हवेत इंजिनाने दगा दिला, तर वैमानिकाच्या हाती काय उरते? फ्रँक रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्नियात उभ्या केलेल्या कंपनीच्या या हेलिकॉप्टरला 1979 मध्ये प्रमाणपत्र मिळाले. साधे लायकमिंग पिस्टन इंजिन, आवाक्यातला खर्च आणि सायक्लिकच्या (हेलिकॉप्टर झुकवून दिशा देणाऱ्या दांड्याच्या) हलक्या स्पर्शालाही मिळणारा प्रतिसाद या त्याच्या जमेच्या बाजू आहेत.

मात्र रोटरची दोन्ही पाती हलकी असल्याने त्यांच्यातली गती झपाट्याने ओसरते. इंजिन बंद पडल्यापासून साधारण एक-दीड सेकंदात कलेक्टिव्ह (पात्यांचा कोन कमी-जास्त करणारा दांडा) खाली नेऊन ऑटोरोटेशन (खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरता ठेवत उतरणे) सुरू केले नाही, तर फेरे इतके घटतात की पात्यांना उचल मिळेनाशी होते, आणि मग सावरणे अशक्य ठरते. रोटरचे फेरे मापकावर 97 टक्क्यांच्या सुमारास आले की भोंगा वाजतो, पण तो ऐकून विचार करायला सवड नसते. अपघातांची मालिका पाहून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 1995 मध्ये आर-22 आणि त्याच कंपनीच्या चार आसनी आर-44 साठी विशेष प्रशिक्षण सक्तीचे केले, ते योग्यच झाले.

माझा मुख्य आक्षेप गव्हर्नरच्या, म्हणजे फेरे आपोआप स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, सोयीवर आहे. दमट हवेत, बाहेर ऊब असतानाही, कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरू शकतो. तो वाढेल तसा गव्हर्नर थ्रॉटल (इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) आपोआप उघडत जातो. परिणामी फेऱ्यांचे आणि दाबाचे काटे जागचे हलत नाहीत आणि थ्रॉटल पूर्ण उघडून झाल्यावरच बिघाड उघडा पडतो. कार्ब्युरेटरच्या हवेचे तापमान दाखवणारा मापक दिलेला आहे, पण मॅनिफोल्ड दाब (इंजिनात शिरताना असलेला दाब) पाऱ्याच्या 18 इंचांखाली गेला, म्हणजे बहुधा खाली उतरतानाच, की त्यावर विसंबता येत नाही. तेव्हा मापकाकडे न पाहता कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ) पूर्ण ओढावी, असे कंपनीच सांगते. त्यातही चुकून मिक्स्चरची (इंधन-हवेचे प्रमाण ठरवणारी) मूठ ओढली जाऊन इंजिन बंद पडल्याचे प्रकार घडले आहेत, म्हणून त्या मुठीवर प्लास्टिकचे नळकांडे चढवतात.

ऑटोरोटेशन अंगवळणी पडेपर्यंत करून घेणारा प्रशिक्षक असेल, तरच आर-22 वर शिकावे. खर्च झेपत असल्यास आर-44 रेव्हन 2 पाहावे. त्यात इंधन इंजेक्शनने जाते, कार्ब्युरेटरच नाही, आणि रोटरही अधिक जड आहे.