फाइलचे मराठी नाव: डिस्कवर ठेवावे की डेटाबेसमध्ये?

कोल्हापूर परिसरातील ऊस उत्पादकांची बिले सांभाळणारी प्रणाली लिहिताना 'शेतकऱ्यांची_बिले' हे नाव डिस्कवर जसेच्या तसे ठेवावे, की डिस्कवर केवळ क्रमांक ठेवून मराठी नाव डेटाबेसमध्ये नोंदवावे, हे आरंभीच ठरवावे लागते.

पहिल्या पर्यायात फोल्डर उघडताच कार्यालयातील कोणालाही फाइल ओळखता येते, आणि हा लाभ मला फार मोलाचा वाटतो. मात्र 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला संकेतांक (ठरावीक क्रमांक) देणाऱ्या प्रमाणात, एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन संकेतांकांनीही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु लिनक्सवरील ईएक्सटी-४ ही फाइल व्यवस्था एरवी नावाकडे केवळ बाइटांची माळ म्हणून पाहत असल्यामुळे तिच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली ठरतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था तर नावे विघटित, म्हणजे 'र' आणि नुक्ता अशा सुट्या, रूपातच साठवत असे. म्हणून तुलनेपूर्वी दोन्ही नावे एकाच रूपात, उदाहरणार्थ एनएफसी या शक्य तिथे जोडून एकच संकेतांक वापरणाऱ्या रूपात, आणणे अनिवार्य आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ हे फंक्शन पुरते. शिवाय ईएक्सटी-४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो, त्यामुळे काना-मात्रा धरून ८५ संकेतांकांतच नाव बसवावे लागते.

दुसऱ्या पर्यायात हे प्रश्न डिस्कपुरते मिटतात, शोध घेताना एनएफसी तेवढे पाळावे लागते. पण डेटाबेस बिघडला तर हाती निव्वळ क्रमांक उरतात. बाहेरून अपलोड होणाऱ्या फाइलींसाठी मी हाच पर्याय निवडेन. कर्मचारी ज्या फाइली स्वतः हाताळतात, त्यांना मात्र मराठी नावच द्यावे.