आधी तारीख, मग रक्त : सरकारी एचआयव्ही चाचणी केंद्राचा अनुभव

जोखमीच्या प्रसंगानंतर बाराव्या दिवशी मी एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये एचआयव्हीची चाचणी करून घेतली. संध्याकाळी मोबाईलवर आलेल्या अहवालात ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ (संसर्गाची खूण आढळली नाही) हा शब्द होता आणि शेजारी ०.१४ हा आकडा. त्या चाचणीत आकडा १ च्या खाली असला की निकाल नॉन-रिॲक्टिव्ह धरतात आणि तो शून्य नसल्याने काही बिघडत नाही, हे कोणी न सांगितल्यामुळे रात्रभर मी त्या ०.१४ चाच अर्थ लावत बसलो. खरी चूक वेगळीच होती. प्रसंग कधी घडला, हे लॅबमध्ये मला कोणी विचारलेच नव्हते.

जिल्हा रुग्णालयातील आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, समुपदेशक बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. बाकीचे त्यांनी गरजेपुरते आणि कसलाही ठपका न ठेवता विचारून घेतले. चौथ्या पिढीच्या चाचणीत विषाणूचे पी-२४ हे प्रथिन आणि शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, अशा दोन्हींचा शोध घेतला जातो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केल्यास ती संसर्ग साधारणपणे १८ ते ४५ दिवसांत ओळखते, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट किटला २३ ते ९० दिवस लागू शकतात, असे त्यांनी दिनदर्शिकेवर बोट ठेवून समजावले. थोडक्यात, माझा बाराव्या दिवसाचा अहवाल खोटा नव्हता, पण त्या प्रसंगाबद्दल तो काहीच सांगत नव्हता. ७२ तासांच्या आत आलो असतो तर संसर्ग रोखणारी २८ दिवसांची औषधे सुरू करता आली असती, हेही तेव्हाच कळले. (ती घेतली असती, तर चाचण्यांचे दिवसही त्यानुसार पुढे गेले असते.)

किट रिॲक्टिव्ह आले तरी तेवढ्यावरून कोणालाही बाधित ठरवत नाहीत. वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन किटवर तपासूनच निदान करतात. माझ्यावर ती वेळ आली नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी लॅबमध्ये चौथ्या पिढीची आणि त्र्याण्णवाव्या दिवशी केंद्रातील किटवर, अशा दोन्ही चाचण्या नॉन-रिॲक्टिव्ह आल्या. केंद्रात पैसे लागले नाहीत. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याला धरून संमती आधी घेतली गेली आणि निकाल बंद खोलीत, समोर बसवून सांगितला गेला.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो बाहेरच्या बाकासाठी: आत एवढी गोपनीयता पाळतात, पण ठळक फलकाखालचा तो बाक नेमका ओपीडीच्या वाटेवर आहे, आणि तिथे मी तोंडाला रुमाल बांधून पाऊण तास बसलो होतो.