आठ रविवार, साडेचार हजार आणि माझा भाचा

कोल्हापुरात सीपीआरच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, जवळ माझं मेडिकल आहे, वीस वर्षं होऊन गेली. भाचा बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला. त्यांच्या ग्रुपवर जाहिरात आली: फार्मसीच्या मुलांसाठी प्रोफेशनॅलिझम आणि एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचा कोर्स, राजारामपुरीत, आठ रविवार, नऊ ते एक, फी 4,500. ताई म्हणाली, तुला त्यातलं कळतं, तूच बघ. फी मीच भरली, म्हणून तीन रविवार मागच्या बाकावर जाऊन बसले. आता काउंटरवर येणारे ओळखीचे आईबाप विचारतायत, क्लास कसा आहे. एकदाच लिहून टाकते.

भाचा आधी कसा होता ते सांगायला पाहिजे. अभ्यासात हुशार. कुठलं औषध कुठल्या रिसेप्टरवर बसतं ते झोपेतून उठवून विचारा. पण काउंटरवर उभा केला की नजर रॅककडे. गगनबावड्याकडचा एक दम्याचा पेशंट नवा इन्हेलर घेऊन गेला, तर हा ‘दिवसातून दोनदा’ म्हणाला आणि सुट्टे पैसे मोजायला लागला. तो माणूस पंधरा दिवसांनी परत आला, म्हणतो गुण नाही. मी म्हटलं, घेऊन दाखवा. त्यानं जिभेवर दोनदा फुसफुस केलं आणि तोंड मिटलं. औषध छातीत जाणार कुठून!

दोष पोराचा एकट्याचा नाही. यांना पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेशन स्किल्स असतं, मग थेट सातव्याला फार्मसी प्रॅक्टिस (दुकान-हॉस्पिटलातलं काम) आणि 150 तासांचं प्रॅक्टिस स्कूल. मधली अडीच वर्षं पेशंट पुस्तकातच. आमच्या डी. फार्मला, म्हणजे डिप्लोमाला, 500 तासांचं ट्रेनिंग होतं, त्यातले 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात. तेव्हा कंटाळा यायचा, पण हात तिथंच बसला.

क्लासमध्ये शिकवणारे तिघं. पहिले, औषध कंपनीत दर्जा सांभाळणाऱ्या क्वालिटी अ‍ॅश्युरन्समधून निवृत्त झालेले एक सर. यांच्यासाठी निम्मी फी वसूल. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत पोरं मिसळ खायला गेली आणि अकराऐवजी सव्वाअकराला उगवली. दाराला आतून कडी. पंधरा मिनिटं जिन्यात उभी केली. मग आत घेऊन सर एवढंच म्हणाले, "शिफ्ट बदलताना पुढचा येईपर्यंत आधीच्याला मशीन सोडता येत नाही. तो तिथं उभा आहे आणि तुम्ही मिसळीवर कट मागताय." पुढचे सात रविवार कुणी उशिरा आलं नाही म्हणे.

याच सरांनी बॅच रेकॉर्डचे, म्हणजे औषधाचा एक घाणा बनवताना करायच्या नोंदींचे, कोरे कागद वाटले आणि मुद्दाम भराभरा आकडे सांगितले. पोरं चुकली. कुणी गिरवलं, कुणी व्हाइटनर काढला, एकीनं तर पानच फाडून नवीन मागितलं. सरांनी सगळे कागद गोळा केले आणि म्हणाले, ऑडिटला हे सापडलं तर आख्खी बॅच अडकली. चूक झाली तर एक सरळ रेघ, आधीचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. काम करताना तिथंच नोंद करायची, संध्याकाळी आठवून नाही. मी मागं बसून मान खाली घातली, कारण माझ्या एच-वन रजिस्टरमध्ये त्या आठवड्यात दोन ठिकाणी खाडाखोड होती. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सेफिक्सिम, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम असली औषधं दिली की पेशंट, डॉक्टर, औषध, किती दिलं, सगळं लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. 2014 पासून.)

दुसऱ्या, हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या एक फार्मासिस्ट मॅडम. त्या एका निवृत्त शाळामास्तरीण बाईंना पेशंट म्हणून घेऊन आल्या. बाईंनी तापलेल्या पोराची आई काय वठवली, नाद खुळा! समोर माझा भाचा. चिठ्ठीवर पॅरासिटामॉल सिरप, पाच एमएल. बाई म्हणतात, "घरात हेच औषध हाय की, थेंबाचं. त्यातलंच पाच एमएल देऊ न्हवं?" भाचा बाटली बघून म्हणाला, "हो, कंटेंट सेमच आहे."

मॅडमनी तिथंच थांबवलं. पोराचं वजन किती? विचारलंच नव्हतं. दहा किलो धर, म्हणाल्या, आणि फळ्यावर मांड. चिठ्ठीतलं सिरप पाच एमएलला 120 मिलिग्रॅम. थेंबाच्या औषधात एका एमएललाच 100. म्हणजे पाच एमएल गेलं तर 500, चौपटीहून जास्त. खडू हातात तसाच. हे गणित त्याला येत नव्हतं असं नाही. समोर आई उभी असताना ते करायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मॅडम ओरडल्या नाहीत. सांगून झालं की पेशंटकडून परत वदवून घ्यायचं, एवढं त्याच्याकडून पाच वेळा करून घेतलं.

तिसरे, इंटरव्ह्यूवाले. इथं माझी तक्रार आहे. तीन रविवार यांनी खाल्ले. एप्रिलच्या उकाड्यात टाय बांधायला लावला, हात कसा मिळवायचा ते शिकवलं, आणि सव्वीस पोरांचे सव्वीस बायोडाटा एकाच साच्यातून काढले. नाव झाकलं तर भाच्याचा कुठला ते मला ओळखता येईना. ‘तुमचा वीकनेस काय’ याचं पाठ उत्तर, ‘मी जरा जास्तच परफेक्शन बघतो’. मी माणसं ठेवताना असलं उत्तर ऐकलं की पुढचं विचारत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत नोकरीला जाणाऱ्या पोराला पगारपत्रक वाचायला, ऑफर लेटरमधली नोटिसची अट बघायला शिकवा की! पदवी मिळाल्यावर स्टेट फार्मसी कौन्सिलकडं नाव नोंदवल्याशिवाय चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही, फार्मसी कायद्याचं 42 वं कलम आहे, यावर एक शब्द नाही. आणि शेवटच्या रविवारी तासभर ‘अ‍ॅडव्हान्स कोर्स’ची जाहिरात. ती आम्ही ऐकली नाही, उठून आलो.

मग पैसे वाया गेले का? मे महिन्यातली गोष्ट. राधानगरीकडची एक आजी, सांधे सुजलेले, चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. रोज घेतली तर जीवावर बेतणारी गोळी. भाचा रॅक सोडून काउंटरच्या पुढं आला.

"आजी, ही रोज न्हाई. आठवड्यातनं एकच वार. कुठला वार धरायचा?"

"मंगळवार. अंबाबाईचा."

त्यानं पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘फक्त मंगळवार’ लिहिलं. मला वाटलं झालं. तर म्हणतो, "आता मला सांगा बघू, कशी घेणार?"

"मंगळवारी एक. आन् शुक्रवारी एक, त्यो बी देवीचाच वार न्हवं?"

मी हातातलं बिल तसंच धरून उभी. त्यानं शांतपणे परत सांगितलं, बरोबर आलेल्या नातवाला सांगितलं, आणि आजीकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

तेव्हा पोराला पाठवायचं असेल तर पाठवा. पहिले पाच रविवार एकही चुकवू देऊ नका, नंतरच्या तिनात घरी अभ्यास केला तरी चालेल. निम्मी फी घेऊन फक्त पाचच देतात का ते मी विचारलं, नाही म्हणाले. हॉल वरच्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गाडी लांब लावावी लागते. पावती फी भरल्याक्षणी मागून घ्या. मला तिसऱ्यांदा मागितल्यावर मिळाली, आणि तारखेवर व्हाइटनर लावलेला होता.